औषधाचा मागाहून येणारा कोप

औषध आणि विष यांतील अंतर मात्रेचें आहे, अशी आपली जुनी समजूत आहे. चरकाचार्यांनीं तर अनोळखी औषधाची गणना विष, शस्त्र, अग्नि आणि वज्र यांच्या पंक्तींत केली व ओळखीच्या औषधास अमृताची उपमा दिली. ही समजूत बहुतेक ठिकाणीं खरी ठरते. अफू थोडी घेतली तर कळ शमते, फार घेतली तर प्राण जातो. यांत गूढ असें कांहीं नाहीं. परंतु औषधांपासून होणाऱ्या अपायांचा एक वर्ग असा आहे कीं, जेथें औषध पूर्ण ओळखीचें असतें, मात्रा बरोबर असते, देणारा जाणता असतो, आणि तरीहि हजारांतील किंवा लाखांतील एखाद्या माणसाची कातडी भाजल्यासारखी सुटून येते. किंवा कातडीवर पुरळ उठून आंत यकृत, मूत्रपिंड, हृदय यांपैकी एखादें इंद्रिय बिघडूं लागतें. त्यांतहि विलक्षण गोष्ट ही कीं, हा कोप गोळी पोटांत गेल्याबरोबर होत नाहीं. एक आठवडा, तीन आठवडे, कधीं कधीं सहा किंवा आठ आठवडे सारें सुरळीत चाललेलें असतें. वैद्यकास या कोपाचें मूळ सांपडण्यास जवळ जवळ एक शतक लागलें, त्याचें मुख्य कारण माझ्या मतें हें मधलें अंतरच होय.

असा रोगी घरांत असला म्हणजे काय होतें तें पाहा. प्रथम ताप येतो, डोळे लाल होतात, घसा दुखतो, मग अंगावर तांबडें पुरळ उठतें. वडील माणसें म्हणतात, गोवर असेल. तोंड आलें कीं उष्णता झाली म्हणून गुलकंद दिला जातो. तापासाठीं एखादी नवी गोळी आणली जाते, आणि दुसऱ्या दिवशीं फोड आले कीं सारा दोष त्या कालच्या गोळीच्या माथीं बसतो. 'औषध उष्ण पडलें' या आपल्या बोलण्यांतला आरोपी नेहमीं शेवटचें औषध असतो. खरा आरोपी पुष्कळदां तीन आठवड्यांपूर्वीं अपस्मारासाठीं किंवा वातरक्तासाठीं सुरू झालेली, रोज नेमानें घेतली जाणारी आणि म्हणूनच कोणाच्या ध्यानांत न येणारी गोळी असते. आणि ती तशीच चालू राहते. ती जितकी लौकर बंद व्हावी तितकी जगण्याची आशा अधिक, हें आतां सिद्ध झालें आहे. ही चूक केवळ घरच्या माणसांची, असें मात्र कोणी समजूं नये. थोर थोर वैद्यांनीं ती कित्येक वर्षें केली.

या मधल्या अंतराचा अर्थ लावण्याचा पहिला खरा प्रयत्न व्हिएन्ना शहरांत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घटसर्पावर घोड्याच्या रक्तांतील पाण्यासारखा अंश, म्हणजे सीरम, टोंचण्याची पद्धति युरोपांत रूढ झाली होती. या सीरमनें असंख्य मुलें वांचलीं. परंतु कांहीं मुलांना टोंचल्यापासून आठ ते बारा दिवसांनीं ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे दुखत, मानेंतील व काखेंतील गांठी अवधाण आल्यासारख्या सुजत. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या दोघां बालरोगवैद्यांनीं १९०५ सालीं या 'सीरमरोगा'वर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पिर्के यांनीं स्वतःस घातलेला प्रश्न अगदीं साधा होता: मधल्या आठ-बारा दिवसांत चालतें काय? सांथीच्या रोगांत हा काळ जंतूंच्या वाढीचा, असें तोंपर्यंत सर्वजण मानीत. पण सीरम कांहीं जिवंत नव्हे. तें शरीरांत वाढत नाहीं. तेव्हां वाढतें तें दुसरें कांहीं तरी असलें पाहिजे, आणि तें रोग्याच्या स्वतःच्या शरीरांत असलें पाहिजे. तेंच सीरम त्याच मुलास पुन्हां टोंचलें तर कोप पूर्वींपेक्षां लौकर येतो, हें त्यांनीं पाहिलें होतें. म्हणजे शरीर पहिली ओळख विसरलेलें नसतें. देवी काढल्यानंतर ठराविक दिवशीं फोड कां येतो, याचेंहि उत्तर त्यांना येथेंच सांपडलें. १९०६ सालीं त्यांनीं या पालटलेल्या वृत्तीस 'अ‍ॅलर्जी' हा शब्द ग्रीक भाषेच्या धातूंवरून बनवला. आज तो शब्द धुळीनें शिंक आली तरी वापरतात. मूळचा अर्थ त्याहून पुष्कळ खोल होता.

पिर्के यांना हें सुचलें, यांत त्यांच्या बुद्धीचा भाग मोठा आहेच. तरी आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. त्यांच्यापुढें एकाच वॉर्डांतलीं अनेक मुलें होतीं, सर्वांना एकच सीरम मिळालेलें होतें, आणि टोंचल्याची तारीख कागदावर होती. जेथें अशी नोंद होती तेथें हा कोप उघडा पडला. जेथें नव्हती तेथें तो दुसऱ्याच नांवानें वावरत राहिला.

याचें उदाहरण दूर शोधावयास नको. १९२२ सालीं न्यूयॉर्कमधील अल्बर्ट स्टीव्हन्स आणि फ्रँक जॉन्सन या दोन वैद्यांनीं सात आणि आठ वर्षांच्या दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांसहि ताप होता, अंगभर चट्टे होते, तोंडाची आंतली त्वचा सोलून निघाली होती आणि डोळ्यांना भयंकर दाह होता. लेखाच्या मथळ्यांतच त्यांनीं या रोगास नवा पुरळाचा ताप म्हटलें. म्हणजे गोवर, कांजिण्या यांच्या मालिकेंतील आणखी एक. त्यांची कल्पना अगदींच निराधार होती असें म्हणतां येत नाहीं. मायकोप्लाझ्मा नांवाच्या जंतूमुळें मुलांत बरेंचसें असेंच चित्र उमटतें, हें आज ठाऊक आहे. पण या दोघांच्या नांवानें पुढें जो रोग ओळखला जाऊं लागला त्याचें सर्वांत मोठें कारण औषध हें निघालें, आणि 'ताप' या शब्दानें वैद्यांची दृष्टि दीर्घकाळ भलतीकडे लागून राहिली.

त्या काळीं औषधांची पेटीहि लहान होती. ती भराभर मोठी झाली ती १९३५ नंतर. जर्मनींत गेरहार्ड डोमाक यांनीं प्राँटोसिल हें पहिलें सल्फा औषध पुढें आणलें. सुई लागून हात विषारलेल्या आपल्या स्वतःच्या मुलीस त्यांनीं तें देऊन वांचवलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९३९ सालचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें, पण हिटलरच्या सरकारनें तें घेऊं दिलें नाहीं. सल्फा औषधांनीं सूतिकाज्वर आणि न्यूमोनिया यांची धार बोथट केली, आणि त्यांच्याच मागोमाग स्टीव्हन्स-जॉन्सन रोगाचे रोगी वाढूं लागले. पुढें शरीरांत दिवसेंदिवस टिकणारीं सल्फा औषधें निघालीं, तेव्हां १९६६ सालीं अमेरिकेंत त्यांचा या रोगाशीं असलेला संबंध स्पष्टपणें मांडला गेला. याच डोमाक यांच्या हातून क्षयरोगावरील थायोअसिटाझोनहि निघालें. तें स्वस्त म्हणून हिंदुस्थानांतील व आफ्रिकेंतील गरीब रोग्यांना वर्षानुवर्षें दिलें गेलें. एड्सची सांथ आल्यावर नैरोबी येथें १९९१ सालीं असें दिसून आलें कीं, त्या विषाणूची बाधा असलेल्या क्षयरोग्यांत पांचांपैकीं एकाची कातडी या औषधानें बिघडते. बाधा नसलेल्यांत हें प्रमाण शंभरांत एक होतें.

सल्फा औषधांच्या इतिहासांतील एक प्रसंग मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. १९८१ सालीं आफ्रिकेंतील मोझांबिक देशांत बेइरा शहरीं पटकीची सांथ आली. खबरदारी म्हणून सुमारे १,४९,००० रहिवाशांना सल्फाडॉक्सिन हें दीर्घकाळ टिकणारें औषध देण्यांत आलें. पुढच्या कांहीं आठवड्यांत स्टीव्हन्स-जॉन्सन रोगाचे २२ रोगी इस्पितळांत आले आणि त्यांतले ३ दगावले. हे लोक पटकीचे रोगी नव्हते; पटकी होऊं नये म्हणून त्यांनीं गोळ्या घेतल्या होत्या. हेच २२ जण दहा वर्षांच्या अवधींत, निरनिराळ्या गांवीं, निरनिराळ्या डॉक्टरांकडे एकेक करून गेले असते, तर प्रत्येक ठिकाणीं 'कसला तरी विषारी ताप' एवढीच नोंद झाली असती. साऱ्या शहरानें एकाच सुमारास औषध घेतलें, म्हणून मधलें अंतर डोळ्यांना दिसलें.

असेंच एक ठिकाण म्हणजे कुष्ठधाम. येथें या इतिहासाचा धागा आपल्या प्रांताच्या अगदीं जवळून जातो. चालमोगऱ्याचें, म्हणजे आपल्याकडील कडू कवठाच्या जातीचें, तेल टोंचण्यापलीकडे कुष्ठरोगावर कांहीं उपाय नव्हता, त्या दिवसांत १९३६ सालीं मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें कुष्ठधाम काढलें. १९४६ सालीं डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं अमरावतीस तपोवन उभारलें. याच सुमारास मद्रासजवळ चिंगलपट येथें डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनीं डॅप्सोन या औषधाचे प्रयोग सुरू केले, आणि नायजेरियांत जॉन लो यांनीं तें पोटांत देऊन पाहिलें. परिणाम अद्भुत होता. शतकानुशतकें वाळींत टाकलेलीं माणसें बरीं होऊं लागलीं. पण कांहीं थोड्या रोग्यांना औषध सुरू केल्यापासून चौथ्या ते सहाव्या आठवड्यांत ताप येई, सर्वांगावर पुरळ उठे, गांठी सुजत आणि कावीळ होई. कुष्ठरोगी आश्रमांत एकत्र राहत, एकाच दिवशीं औषध सुरू करीत, आणि त्यांची नोंदवही नीट ठेवलेली असे. म्हणूनच जुन्या कुष्ठवैद्यांत या विकारास 'पांचव्या आठवड्याचा त्वचादाह' असें जणूं पंचांगांतलें नांव पडलें. १९५१ सालीं त्यास डॅप्सोनचा लक्षणसमूह असें शास्त्रीय नांव मिळालें. पुढें पुष्कळ वर्षें त्याची वार्ता जवळ जवळ ऐकूं येईना; १९८० नंतर कुष्ठरोगावर अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुरू झाल्यावर तो पुन्हां दिसूं लागला. हा लपंडाव कां झाला याचीं कारणें निरनिराळीं सांगतात, आणि त्यांपैकीं एकहि मला पुरेसें पटलेलें नाहीं.

आंतल्या इंद्रियांवर होणाऱ्या कोपाची कथा डॅप्सोनच्या आधींपासून, अपस्माराच्या औषधांच्या अनुषंगानें चालू होती. १९३८ सालीं बोस्टन येथें मेरिट आणि पटनम यांनीं फेनिटोइनचा अपस्मारावरील उपयोग सिद्ध केला. रोगी गुंगींत न पडतां फेपरें थांबूं लागलें, ही मोठीच सिद्धि होती. १९५० सालीं याच औषधानें ताप, कावीळ आणि सर्वांगाची कातडी सुटणें अशी अवस्था झालेल्या एका रोग्याचें वर्णन अमेरिकेंत छापून आलें. कांहींच्या गांठी तर इतक्या सुजत कीं, कर्करोग समजून त्या काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या जात, आणि तेथेंहि त्या फसवीत. प्रत्येक औषधागणिक असा एकेक विकार निराळ्या नांवानें नोंदला गेला होता. हे सारे एकाच कुळांतले आहेत, हें १९९६ सालीं पॅरिसजवळच्या क्रेतेय येथील रूजो व त्यांचे सहकारी यांनीं ठरवून त्यांस एक नांव दिलें. त्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचा 'ड्रेस' असा शब्द होतो. इतक्या भयंकर विकारास पोषाखाचें नांव पडावें, हें थोडें विचित्रच. यांत रक्तांतील इओसिनोफिल जातीच्या पेशी वाढतात, बहुधा यकृत बिघडतें, आणि औषध बंद केलें तरी आठवडेच्या आठवडे विकार रेंगाळतो. शरीरांत लहानपणापासून निजलेले नागिणीच्या कुळांतले विषाणु या गडबडींत जागे होतात, असें १९९७-९८ च्या सुमारास फ्रान्स व जपान येथें आढळून आलें. बरा झालेला रोगी कित्येक महिन्यांनीं कंठग्रंथीच्या किंवा मधुमेहाच्या तक्रारी घेऊन परत येतो, तोंवर मूळ औषधाची आठवणहि कोणास राहिलेली नसते.

कातडीच्या बाजूनें पाहतां, सर्वांत दारुण प्रकाराचें वर्णन स्कॉटलंडांतील अ‍ॅबर्डीनच्या अ‍ॅलन लायल यांनीं १९५६ सालीं केलें. चार रोगी होते, आणि त्यांची कातडी उकळतें पाणी पडावें तशी पदर सुटून निघत होती. कोठलें तरी विष रक्तांत फिरून वरचा थर मारीत असावें असें मानून लायल यांनीं नांवांतच 'विषजन्य' हा शब्द घातला. पुढें १९७० सालीं लहान मुलांतील एका जंतूचा असाच दिसणारा पण सौम्य विकार यांतून वेगळा काढण्यांत आला. उरला तो बहुतांशीं औषधांचा. अंगाचा दहावा हिस्सा सुटण्याच्या आंत असला तर स्टीव्हन्स-जॉन्सन, तीन-दशांशाहून अधिक असला तर लायल यांचा रोग, असा हिशेब आतां धरतात. दुसऱ्या प्रकारांत शंभरांपैकीं तीसच्या आसपास रोगी दगावतात. या रोग्यांची शुश्रूषा भाजलेल्या माणसाप्रमाणें करावी लागते. जे वांचतात त्यांतील कित्येकांच्या डोळ्यांत अश्रु येत नाहींत, पापण्या बुबुळास घांसतात, आणि हळूहळू दृष्टि जाते.

इतके दिवस एकेक वैद्य आपापले रोगी मोजीत होता. १९९५ सालीं रूजो आणि त्यांचे मित्र यांनीं फ्रान्स, जर्मनी, इटली व पोर्तुगाल येथील २४५ रोग्यांची, इतर रोगांसाठीं इस्पितळांत आलेल्या १,१४७ माणसांशीं तुलना केली. प्रत्येकानें कोणतें औषध कोणत्या दिवसापासून घेतलें, हें बारकाईनें विचारलें. सल्फा, अपस्मारावरील औषधें आणि वातरक्तावरील अ‍ॅलोप्युरिनॉल हीं यादींत ठळक दिसलीं; आणि रोज घ्यावयाच्या औषधांचा धोका मुख्यतः पहिल्या दोन महिन्यांतला, हेंहि निश्चित झालें. वर्षानुवर्षें निमूटपणें घेतलेली गोळी बहुधा निर्दोष असते. येथें मला आपल्याकडील एका संवयीविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. दुकानांतून चिठ्ठीवांचून गोळ्या आणावयाच्या, त्याहि पट्टीचा असा तुकडा कापून कीं ज्यावर औषधाचें नांवहि पुरतें उरत नाहीं. मग तीन आठवड्यांनीं डॉक्टरांनीं विचारलें तर 'एक पांढरी, एक पिवळी' एवढेंच उत्तर मिळतें. नांव आणि सुरू केल्याची तारीख या दोन गोष्टींवर जेथें प्राण अवलंबून, तेथें आपण नेमक्या त्याच फेंकून देतों.

हजारों माणसें जें औषध पचवतात तें एकालाच कां भोंवतें, या प्रश्नाचें उत्तर मात्र तारखांत नव्हतें. तें जन्मांतच होतें. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर 'एचएलए' नांवाचीं प्रथिनें असतात. पेशीच्या आंतल्या प्रथिनांचे तुकडे तीं ओंजळींत धरल्यासारखीं बाहेर दाखवतात, आणि रक्तांतील पहारेकरी पेशी ते पाहून आपलें कोणतें, परकें कोणतें, हें ठरवतात. या ओंजळीचा घाट आईबापांकडून येतो व माणसागणिक वेगळा असतो. एड्सवरील अबाकाव्हिर औषधाचा कोप अशा एका विशिष्ट घाटाशीं निगडित आहे, हें २००२ सालीं ऑस्ट्रेलियांत प्रथम दिसलें. खरी खळबळ उडाली ती २००४ सालीं, तैवानांत. वेन-हुंग चुंग, युआन-त्सुंग चेन व त्यांचे सहकारी यांनीं अपस्मारावरील आणि चेहऱ्यांतील असह्य कळेवरील कार्बामाझेपीन या औषधानें स्टीव्हन्स-जॉन्सन रोग झालेले ४४ रोगी तपासले. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणांत 'बी १५०२' हा एकच घाट निघाला. तेंच औषध सुखानें घेणाऱ्या १०१ जणांत तो अवघ्या तिघांत होता. पुढच्याच वर्षीं अ‍ॅलोप्युरिनॉलच्या ५१ रोग्यांतहि असाच एक दुसरा घाट, 'बी ५८०१', सर्वांत सांपडला. वैद्यकाच्या इतिहासांत इतका निःसंदिग्ध आंकडा क्वचितच हातीं लागतो.

आंत घडतें काय, याचाहि उलगडा हळूहळू झाला. अबाकाव्हिर औषध त्या ओंजळीच्या तळाशीं जाऊन बसतें आणि तींत मावणारे तुकडेच बदलून टाकतें; म्हणून शरीरास आपलींच प्रथिनें परकीं भासूं लागतात, असें २०१२ सालीं दिसून आलें. कार्बामाझेपीनच्या रोग्यांत, चवताळलेल्या पहारेकरी पेशी ग्रॅन्युलायसिन नांवाचें प्रथिन सोडतात व त्यानें कातडीच्या पेशी मरतात, हें त्याच तैवानी मंडळीनें फोडांतील पाणी तपासून २००८ सालीं दाखवलें. म्हणजे लायल यांनीं कल्पिलेलें विष खरोखरच होतें; फक्त तें रोग्याच्या स्वतःच्या पेशींनीं बनवलेलें होतें. त्या पेशी तयार होऊन त्यांची संख्या पुरेशी वाढण्यास दिवस लागतात, आणि पिर्के यांच्या प्रश्नाचें उत्तर तेंच होय.

पुढची पायरी व्यवहाराची होती. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००७ सालीं आशियाई वंशाच्या रोग्यांत कार्बामाझेपीनपूर्वीं रक्त तपासण्याची शिफारस केली. तैवानांत ४,८७७ जणांना अशी तपासणी करूनच औषध देण्यांत आलें. धोक्याचा घाट असलेल्यांस दुसरें औषध दिलें. २०११ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, त्यांत स्टीव्हन्स-जॉन्सनचा एकहि रोगी नव्हता. युरोपीय लोकांत हा घाट फारच विरळा, म्हणून तेथें त्याचा पत्ता पूर्वीं लागला नव्हता. हिंदुस्थानांत तो आहे: २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासांत कार्बामाझेपीननें पोळलेल्या ८ भारतीय रोग्यांपैकीं ६ जणांत तो सांपडला. आठ ही संख्या फार थोडी, हें खरें. पण जेथें नोंदवहीच तुटपुंजी, तेथें मोठी संख्या आणावी कोठून? आणि हाहि विवेक ठेवला पाहिजे कीं, असा घाट अंगीं असलेले बहुतेक लोक औषध घेऊनहि बरे राहतात. तो नसलेल्यासहि क्वचित् दुसऱ्या वाटेनें कोप होतो.

डॅप्सोनचें कोडें सुटलें तें चीनमध्यें. शान्तुंग प्रांतांतील फुरेन चांग आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं कुष्ठरोग्यांच्या रक्तांत 'बी १३०१' हा घाट त्या पांचव्या आठवड्याच्या विकाराशीं जोडून दाखवला. नंतर तो घाट नसलेल्या बाराशेंहून अधिक नव्या रोग्यांना डॅप्सोन देऊन त्यांच्यावर लक्ष ठेवलें. २०१९ सालीं कळलें कीं, त्यांतील एकालाहि तो विकार झाला नाहीं. आपल्याकडे कुष्ठरोगावरच्या एकत्र औषधांत डॅप्सोन अद्याप आहे. महिन्याची पट्टी हातीं देतांना ती घेतल्याचा दिवस कार्डावर लिहिला जातो.